अंजूच्या डोक्यावरचं रेशीम

नाचणगाव
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मीराताई,

पत्र पाहून तू आधी चष्मा शोधशील आणि मग मला शिव्या घालशील. घाल. तू मावसबहीण असलीस तरी मोठी आहेस, तुला हक्क आहे. पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या माझ्या फोनला कान लावून बसतात. व्हॉट्सअॅपवर काही लिहावं तर माझा फोन दिवसभर अंजूच्याच हातात. शेजारचे बंडूजी रोज पुलगावहून गाडीने वर्ध्याला कचेरीत जातात आणि त्यांची कचेरी तुमच्या बोरगावच्या रस्त्यावरच आहे. ते पत्र पोचवतील, उत्तरही त्यांच्याच हाती दे.

बातमी अशी, की आमच्या अंजूचं जमलं. मुलगा ऋग्वेद, हिंगणघाटला एका पतसंस्थेत कारकून आहे. घर वडनेरला, शेतीभाती आहे. लग्न फेब्रुवारीत. त्याच्या आई गुलाबताई तोंडाने फटकळ, पण हौशी फार. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "आमाले काई नको बाप्पा, पण रुखवत पोरीच्या हातचं पाह्यजे. आमच्याकडं सारं गाव रुखवत पाहाले येते."

आता अंजूचा हात तुला माहीत आहे. बी.एड. केलं, पण सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून तुझ्या पाया पडते. साखरपुड्याच्या फोटोवरून अंजूचं चित्र मॅटीच्या कापडावर भरून दे. साडी, हात, चेहरा लोकरीत कर. केस मात्र रेशमाचे कर आणि कमरेपर्यंत कर. ते अगदी खरे वाटले पाहिजेत. पाहणाऱ्याने म्हटलं पाहिजे, काय केस आहेत पोरीचे. तुझं नाव खाली येणार नाही, त्याचा राग धरू नको. रुखवतात कुणाचं खरं नाव असतं?

तुझी
इला


बोरगाव मेघे
२४ नोव्हेंबर २०२४

चि. इला,

चष्मा सापडला, शिव्या घालून झाल्या, आता उत्तर लिहिते.

अंजूचं जमलं हे वाचून बरं वाटलं. रुखवत वाचून पत्र खाली ठेवलं. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात रुखवत पाहिलं होतं. साबुदाण्याचा मोर, टिकल्यांचा बंगला, खोबऱ्याच्या वाटीत बसवलेली नवरी, आणि मधल्या ताटात लाडवांचा डोंगर. डोंगरावर मुंग्यांची रांग चाललेली आणि खाली पाटी, "माहेरची गोडी". नवरीच्या मावशीने मुंग्या फुंकून तोच लाडू माझ्या हातात ठेवला. तिच्या फुंकरीसकट तो मी पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन पर्स धुतली. या सगळ्या खोटेपणात माझं काम मांडायचं म्हणजे मला जड जातं, पण अंजूसाठी करते.

केसांचं मला वावडं आहे हे तू लहानपणापासून पाहतेस. वरणात केस निघाला की मी आठवडाभर वरणाकडे पाहत नाही. भरतकामातही केस भरणं मला सगळ्यात नकोसं. लोकरीचे ठोकळे टाके चेहऱ्याला खपून जातात, केसांना खपत नाहीत. मी शाळेत भरतकाम शिकवायचे तेव्हा मुली काळा दोरा घेऊन डोक्यावर आडवेतिडवे टाके मारायच्या आणि डोक्यावर टोपली पालथी घातल्यासारखं दिसायचं. केस डोक्यावर ठेवलेले नसतात, ते कातडीतून येतात. म्हणून आधी भांग ठरवायचा, मग रेशमाचा पदर सोडवून एकेका तंतूचा लांब-आखूड टाका भांगापासून खाली उतरवायचा. नुसता काळा रंग घेतला की डांबर दिसतं. काळ्यात तपकिरी लागतो, जांभळट काळा लागतो, कपाळाशी तर जवळपास मातकट. ते करताना रेशीम बोटांच्या भेगांत अडकतं, घामाला चिकटतं, आणि आपण कुणाचं तरी डोकं विंचरतो आहोत असं वाटत राहतं.

तेव्हा काम नीट हवं असेल तर दोन गोष्टी पाठव. केस मोकळे सोडलेले, गजरा-बिजरा नसलेले फोटो, आणि रंग जुळवायला अंजूच्या केसांची बोटभर बट. रंग फोटोवरून कळत नाही.

मीराताई


नाचणगाव
२ डिसेंबर २०२४

ती. मीराताई,

तीन फोटो पाठवते आहे. एक साखरपुड्याचा, एक तुळशीच्या लग्नाचा आणि एक गच्चीवरचा. सोबत पुडीत केस आहेत.

गुलाबताई परवा सहज येऊन गेल्या. रुखवतात काय काय आहे विचारत होत्या. मी चित्राचं बोलून बसले, त्या भलत्याच खूश झाल्या. आता तुझ्यावर सगळं आहे. जास्त खोलात जाऊ नको, काळेभोर आणि दाट कर म्हणजे झालं.

इला


बोरगाव मेघे
६ डिसेंबर २०२४

इला,

तुझी पुडी मी जेवताना उघडली. चूक माझीच, पण बहिणीकडून आलेली पुडी नाक धरून उघडावी असं मला वाटलं नव्हतं. ताटात वांग्याचं भरीत होतं आणि त्याच्या शेजारी मी गुंतवळ सोडली. मी बट मागितली होती. तू फणीतून काढून भिंतीच्या फटीत कोंबून ठेवलेला, तेलाने चिकटलेला, धुळीने माखलेला बोळा पाठवलास. केसांवर वाट्या-चमचे देणाऱ्या बाईची वाट पाहत तुम्ही तो साठवता, हे मला ठाऊक आहे. ती बाईसुद्धा असला माल हातात घेताना तोंड फिरवते. भरीत मी गायीला घातलं. तो बोळा चिमट्याने उचलून मागच्या अंगणात जाळला आणि त्याचा वास संध्याकाळपर्यंत पडद्यांना होता.

जाळण्याआधी मी तो पाहिला, कारण माझी सवय घाणेरडी आहे. त्यात अर्धे केस पांढरे होते आणि अर्धे मेंदीने लाल झालेले. हे अंजूचे केस नाहीत, तुझे आहेत. घरात तरणी मुलगी असताना तिच्या डोक्यावरची एक बट कापून पाठवायला कात्री मिळाली नाही का?

कामही नीट होत नाही. चेहरा छान उतरला आहे, अंजूचा तो वरचा ओठही जमला. पण केस भरले की सगळं बिघडतं. फोटोबरहुकूम भांग काढते, बटेमागे बट उतरवते, आणि लांबून पाहिलं की तीच पालथी टोपली. आयुष्यभर मुलींना ज्या चुकीसाठी पट्टी दाखवली ती माझ्याच हातून होते आहे. काल सगळं उसवलं. उसवलेल्या रेशमाचा पुंजका मांडीवर पाहून मला तुझी पुडी आठवली आणि मी उठून हात धुतले.

बट पाठव. खरी.

मीराताई


नाचणगाव
११ डिसेंबर २०२४

ती. मीराताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पुडीची चूक झाली, घाईत भलतीच गेली. पण इतकं घालूनपाडून लिहायची गरज नव्हती. तुझं जेवण तुला एकटीला जेवायचं असतं, आमच्याकडे दहा भानगडी असतात.

अंजू बट कापू देत नाही. लग्न तोंडावर आलं आणि केसांना कात्री लावायची नाही, अपशकुन होतो, असं सासूबाईही म्हणाल्या. फोटो पाहून जे होतं ते कर. एवढं बारीक तिथे कोण पाहणार आहे?

इला


बोरगाव मेघे
१९ डिसेंबर २०२४

इला,

बारीक मी पाहते. तेवढंच एक मला येतं.

गेला आठवडा मी तुझ्या मुलीचे केस भरते आहे आणि उसवते आहे. मॅटीची भोकं सैल पडायला लागली, तेव्हा सुई खाली ठेवली आणि तिन्ही फोटो ओळीने लावले. साखरपुड्यात कपाळावर डावीकडे एक बट आली आहे. तुळशीच्या लग्नात तीच बट, त्याच जागी, त्याच वळणाची. गच्चीवर इतका वारा आहे की अंजूचा पदर उडाला आहे, मागची दोरीवरची चादर उडाली आहे, आणि बट जागची हललेली नाही. मग भिंग घेऊन भांग पाहिला. भांगात कातडी दिसत नाही, जाळी दिसते. जाळीवर काम करत माझे डोळे गेले, जाळी मला ओळखू येते.

म्हणजे मी चुकत नव्हते. तिच्या डोक्यावर खोट्या केसांचा टोप आहे आणि मी टोपाचा टोपच भरत होते, अगदी हुबेहूब.

आता तुझं सगळं कळलं. पुडी, अपशकुन, कमरेपर्यंतचे केस, सगळं. मुलीच्या डोक्यावर केस नाहीत आणि तुला भिंतीवर केस टांगायचे आहेत, म्हणजे वडनेरच्या लोकांना शंका यायला नको. लग्नानंतर काय करणार होतीस? ती न्हायला बसेल तेव्हा दाराशी चित्र धरून उभी राहणार होतीस? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

मला तुझी किळस आली, इला. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. तुझ्या त्या पुडीची आली नव्हती इतकी आली. मुलाकडच्यांना खरं सांग, नाहीतर मी हे चित्र पुरं करणार नाही. आणि अंजूला माझ्याकडे पाठव. तिच्याशी कुणीतरी माणसासारखं बोललं पाहिजे.

मीरा


नाचणगाव
२३ डिसेंबर २०२४

मीराताई,

किळस आली म्हणतेस. किळस कशाला म्हणतात ते आता माझ्याकडून ऐक.

दोन वर्षांपूर्वी अंजूच्या कानामागे रुपयाएवढी चाई पडली. मग दुसरी पडली. वर्षभरात डोकं साफ झालं, भुवयासुद्धा गेल्या, त्या ती पेन्सिलने काढते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धीर धरा म्हणाले. धीर कुठून आणायचा? पुलगावच्या एका बाईने कसल्या पाल्याचा लेप सांगितला. तो मी लावला. माझ्या हाताने लावला. रात्रीतून कातडी भाजल्यासारखी सोलली आणि जागोजागी चिघळली. त्यावर टोप, टोपाला चिकटपट्टी, वरून ऊन. खपल्या येतात, टोप काढताना निघतात, खाली ओलं असतं. त्याला वास येतो. मी तिची आई आहे आणि मला मळमळतं. एकदा तर मी तिच्यासमोर ओकले. ती म्हणाली, "आई, तू बाहेर जाऊन बस, मी करतो." तुला लेकरू नाही. तुला हे कळायचं नाही.

खरं सांगायचं म्हणतेस. सांगून पाहिलं होतं. देवळीच्या एका स्थळाला सगळं आधी सांगितलं. ते विचार करून कळवतो म्हणाले आणि महिन्याभरात साऱ्या बाजारात झालं, नाचणगावची टकली पोरगी. अंजूने शाळेतली नोकरी सोडली ती तेव्हा. मुलं फळ्यावर चित्र काढत होती. त्यानंतर मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न लागलं की मुलगा सांभाळून घेईल. अंजूही काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलंच असणार.

तुला किळस येत असेल तर येऊ दे. चित्र मात्र पुरं कर. संक्रांतीच्या आधी अंजूला पाठवते. तू बोल तिच्याशी माणसासारखं, बघू.

इला


बोरगाव मेघे
२२ जानेवारी २०२५

चि. इला,

अंजू येऊन गेली त्याला आता बरेच दिवस झाले. मुद्दाम थांबून लिहिते आहे, कारण चित्र पुरं करून सोबत पाठवायचं होतं.

ती आली, पाणी प्यायली, आणि मी म्हटलं, दाखव. तिने टोप काढला. तू जे लिहिलं होतंस ते सगळं मी पाहिलं. मी जराही दचकले नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बाळा, तू जशी आहेस तशीच सुंदर आहेस. मग दोघींनी बसून पोहे खाल्ले. ती फार बोलत नाही, पण जाताना पाया पडली. तुला टोचून बोलायचं नाही, पण तू आई असून तुला जे जमलं नाही ते मला जमलं. माया असली की किळस येत नाही. याचा थोडा विचार कर.

आणि आता ऐक. ती गेल्यावर मी चित्र घेऊन बसले आणि केस भरले. मागच्या पत्रात मी रागाने काहीबाही लिहिलं होतं. शांतपणे विचार केला तर कलेला खऱ्याखोट्याचा तो नियम लावता येत नाही. चित्रातल्या मुलीला केस असायला काय हरकत आहे? फोटो बाजूला ठेवले आणि मनाने भरले. काय सांगू, असे केस माझ्या हातून कधी उतरले नव्हते. भांगाशी मातकट तंतू, कानामागे जांभळट सावली, आणि तिथून कमरेखालपर्यंत एकसलग धार. हाताखाली ते रेशीम इतकं थंड आणि स्वच्छ लागत होतं की उठवत नव्हतं. दाटही इतके भरले आहेत की डोक्यावर मॅटीचं एक भोक उघडं राहिलेलं नाही.

वडनेरच्या लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी त्यात पडत नाही. बंडूजींना म्हणावं, गुंडाळी आडवी धरू नका, रेशीम चुरगळतं.

मीराताई


नाचणगाव
१ फेब्रुवारी २०२५

मीरामावशी,

आई तुला लिहिणार नाही म्हणते, म्हणून मी लिहिते आहे. बंडूजींना आता लपूनछपून काही न्यायची गरज राहिली नाही, तरी पत्रच लिहिते. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुझं शेवटचं पत्र आईने मला वाचायला दिलं. देताना रडत होती. म्हणाली, "पाह्य, तुया मावशीले जमते. मले काऊन नाई जमत?" मी पत्राची घडी करून तिला परत दिलं.

तुला सांगते. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाहीस. उजव्या कानाच्या वर जिथे कातडी बरी आहे, तिथे दोन बोटं टेकवलीस. तशीच सुंदर आहेस म्हणालीस तेव्हा माझ्याकडे नाही, कॅलेंडरकडे पाहत होतीस. मग पोहे करायला आत गेलीस आणि कितीतरी वेळ नळ चालू होता. पोह्यांना साबणाचा वास होता. मी खाल्ले. जाताना पाहिलं तर माझी बशी तू बाकीच्या भांड्यांतून काढून मोरीच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली होतीस. मी पाया पडले तेव्हा तू आशीर्वाद दिलास, पण हात वरच धरलास.

मला राग आला नाही. बहुतेक जण असंच करतात. पण मग तू घरी बसून चित्रात माझं डोकं झाकलंस आणि आईला लिहिलंस, की माया असली की किळस येत नाही. याचा मला राग आला, आणि अजून आहे.

आता लग्नाचं. गेल्या रविवारी ऋग्वेद आणि गुलाबताई साड्या दाखवायला आले होते. आईने तुझं चित्र दिवाणखान्यात लावलं होतं. मावशी, काम फार सुंदर झालं आहे, हे खरं आहे ते लिहिते. गुलाबताईंनी साड्या बाजूला ठेवल्या आणि चित्रावरून बोटं फिरवत बसल्या. म्हणाल्या, "असे केस आमच्या खानदानात नाई कोणाचे. पोरीनं मांडवात मोकळेच सोडावे, पाहू द्या सगळ्याईले." आणि सगळ्यांनी चित्राकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या रेशमाशेजारी माझा टोप किती जुनाट आणि लबाड दिसत असेल हे मला कळत होतं. आतून खाजत होतं, घाम उतरत होता. मला हे लग्न करायचं आहे का, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही आणि तूही नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी चिकटपट्टी सोडवली आणि टोप काढून मांडीवर ठेवला.

पट्टीबरोबर एक खपली निघाली, तिथून थोडं वाहिलं. गुलाबताईंनी पदर नाकाला लावला. त्या ओरडल्या नाहीत. थोड्या वेळाने अगदी समजुतीने बोलायला लागल्या, की आजार कोणालाही होतो, आम्ही मोडत नाही, पण पोरीने स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि गावात कोणापुढे हे उघडं करायचं नाही. मी ऋग्वेदकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. म्हणाला, "आई बरोबर म्हणते. तू ते काढू नको, म्हणजे झालं. रात्री पण."

मला वाटलं आता आई हो म्हणणार. तिला हे लग्न किती हवं होतं ते मला माहीत आहे. पत्रिका छापून आल्या होत्या. ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या डोक्यावर, जिथे ओलं होतं तिथेच, तिने पंजा ठेवला. सगळा पंजा. मावशी, ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"मले रोज किळस येते. ओकारी येते. तरी रोज गरम पाण्यानं धुतो, रोज मलम लावतो, आजवर एक दिस चुकला नाई. तुमच्यानं नाई होणार. तुमच्या पोराले रातीबी टोप पाह्यजे, तं हा टोप घेऊन जा. पोट्टी राहू द्या."

आणि माझ्या मांडीवरचा टोप उचलून तिने खरंच गुलाबताईंच्या साड्यांवर ठेवला. त्या ताडकन उठल्या. चहा तसाच राहिला.

हे तुला माहीत नव्हतं. आईने तुला तिची किळस कळवली, धुण्याचं कळवलं नाही, हे तिनेच मला सांगितलं. तिला वाटतं किळस येते म्हणजे ती वाईट आई आहे आणि बाकी सगळं त्यात वाहून गेलं. लेप तिने लावला, तेही तिच्या मनातून जात नाही. ती नाक मुरडते, तोंड फिरवते, मध्येच उठून मोरीवर जाऊन येते आणि परत पाट ओढून माझ्यामागे बसते. ते लोक गेल्यावर ती दुपारभर मला बोलत होती, की लग्न मोडलंस, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, आता पत्रिका चुलीत घाल. संध्याकाळी पाणी गरम करून आली. मी म्हटलं, आज राहू दे. म्हणाली, "चूप बस. मान खाली कर."

टोप नसल्यामुळे खपल्या सुकायला लागल्या आहेत. परवा मी दूध आणायला तशीच गेले. लोकांनी पाहिलं. पाहू दे. शाळेत परत विचारून पाहणार आहे. घेतील असं वाटत नाही, पण विचारणार.

आईला मी पोह्यांचं आणि नळाचं सांगितलं नाही. तुझ्याबद्दल तिला अजून फार वाटतं. सांगायचं की नाही ते तू ठरव, पण एकदा इकडे ये. आमच्याकडे राहा, जेव, आणि तिने धुवायला घेतलं की बाजूला बस. नको वाटलं तर उठून जा. हात लावलास तर नंतर हात धू, साबण मोरीवर असतो. फक्त माझ्यासमोर धू.

अंजू